नाशिकमध्ये पहिल्यांदाच गाडी प्रदर्शनात लावताय? आधी तिचं खरं लिहून काढा

दिवाळी सरून थंडी पडली की नाशिकमधल्या जुन्या गाड्यांवरची कव्हरं निघायला लागतात. पावसाळाभर पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली पद्मिनी रविवारी सकाळी गंगापूर रोडला दिसते, सिडकोच्या गल्लीतून एखादी जीप बाहेर पडते. मग एखाद्या मैदानावर नाहीतर मॉलच्या आवारात प्रदर्शन भरतं आणि नव्या मंडळींचा ठरलेला प्रश्न येतो, "गाडी शोला लावायची आहे, तयारी काय करू?" उत्तरंही ठरलेली असतात: पॉलिश कुठलं वापरायचं, टायर काळे कसे करायचे, सीट कव्हर कुणाकडून शिवून घ्यायची.

ही सगळी शेवटच्या आठवड्याची कामं. खरी तयारी त्याच्या दोन-तीन महिने आधी वही-पेन घेऊन सुरू होते. प्रदर्शनात गाडी लावणं म्हणजे अनोळखी माणसांसमोर तिच्याबद्दल ठासून काही सांगणं असतं: ही अमुक सालची, हे मूळचं, हे मी करून घेतलेलं. तुम्ही सांगता ते खरं असेल तर रंग थोडा उडालेल्या गाडीशेजारीही मान ताठ ठेवून उभं राहता येतं. न्याय ही एकट्या पंचांची जबाबदारी आहे असं मी मानत नाही. मालकाच्या पाटीवरच खोटं असेल तर प्रामाणिक पंचाचाही निकाल चुकतो, आणि शेजारी खरं लिहून उभ्या असलेल्या माणसाचं बक्षीस जातं. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती आहेत.

१. गाडी कुठल्या गटात बसते ते ठरवा

आपल्याकडे तीस वर्षांपुढच्या कुठल्याही गाडीला सरसकट 'विंटेज' म्हणतात. घरी म्हणा, प्रवेशअर्जावर लिहू नका. जुन्या वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' (स्थापना १९६६) तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ऐतिहासिक वाहन मानते आणि सालांनुसार गट पाडते. १९०४ पर्यंतच्या गाड्या पहिल्या गटात, १९०५ ते १९१८ दुसऱ्यात, १९१९ ते १९३० या गटाला विंटेज म्हणतात. त्यानंतर १९३१ ते १९४५, १९४६ ते १९६०, १९६१ ते १९७० आणि शेवटी १९७१ पासून पुढे तीस वर्षं पूर्ण केलेल्या गाड्या. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत मात्र पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' ठरते. म्हणजे १९७४ ची पद्मिनी आरटीओच्या दृष्टीने विंटेज होऊ शकते, फिवाच्या गटवारीत ती शेवटच्या गटात बसते. आयोजकांनी कुठली गटवारी घेतली आहे ते अर्जात वाचा. लिहिलेलं नसेल तर फोन करून विचारा.

सालापेक्षा महत्त्वाचा दुसरा भेद आहे. काही गाड्या जशा होत्या तशा जपलेल्या असतात: रंग कारखान्यातला, सीटचं रेक्झिन तेच, फक्त झीज सांभाळलेली. काही पूर्ण सोडवून, पत्रा बदलून, रंगवून नव्याने उभ्या केलेल्या असतात. काहींत मालकाने आपल्या हौसेने बदल केलेले असतात. या तिघांना एका रांगेत उभं करून एकच चषक देणं कुणावरही न्यायाचं होत नाही. जपलेल्या गाडीला रंगात मार बसतो, बदललेल्या गाडीला मूळपणात. जिथे हे तीन गट वेगळे नाहीत तिथे जा, मजा करा, पण निकाल मनाला लावून घेऊ नका.

नाशिककरांना यात एक खास संधी आहे. २००० साली आलेली बोलेरो आणि २००२ ची स्कॉर्पिओ या सातपूरच्या कारखान्यात बनलेल्या गाड्या. सुरुवातीच्या बोलेरो २०३० साली तीस वर्षांच्या होतील, स्कॉर्पिओ २०३२ साली. आज त्या वापरून-वापरून खिळखिळ्या झाल्या आहेत, भंगारात चालल्या आहेत, नाहीतर मोठे टायर आणि लोखंडी बंपर लावून त्यांचं रूपच पालटलंय. तुमच्या काकांच्या वखारीत पहिल्या वर्षीची बोलेरो मूळ स्टिकरसकट उभी असेल तर तिला हात लावण्याआधी दहादा विचार करा. आपल्या गावची गाडी आपल्या गावच्या प्रदर्शनात जपलेल्या गटात उभी राहिलेली मला बघायची आहे.

२. पैसे भरण्याआधी गुणपत्रिका मागा

ही पायरी लोक सर्रास वगळतात आणि निकालानंतर तावातावाने भांडतात.

गाड्यांच्या सौंदर्यस्पर्धेची परंपरा युरोपातून आली. इटलीत कोमो सरोवराकाठी व्हिला देस्ते इथे १९२९ साली अशी स्पर्धा भरली होती. अमेरिकेत पेबल बीचची स्पर्धा १९५० साली सुरू झाली. पहिली काही वर्षं तिथे सर्वोत्तम गाडीचा मान नव्याकोऱ्या गाड्यांनाच मिळायचा. १९५५ मध्ये फिल हिलची १९३१ ची पिअर्स-अ‍ॅरो जिंकली आणि युद्धापूर्वीच्या गाडीला पहिल्यांदा तो मान मिळाला. हाच फिल हिल पुढे १९६१ मध्ये फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. जुन्या गाड्या तिथे मानाच्या झाल्या तसा गाडी किती खरी आहे, हा प्रश्नही मोठा होत गेला.

गुण द्यायच्या साधारण दोन पद्धती आहेत. एकीत पंच कागद घेऊन एकेक चूक शोधतात आणि गुण कापत जातात. अमेरिकेतला १९३५ साली स्थापन झालेला जुन्या गाड्यांचा क्लब, एएसीए, ४०० गुणांपासून सुरुवात करून असे गुण कापतो. त्यांची कसोटी समजून घेण्यासारखी आहे: विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती देताना गाडी जशी असती तशी ती हवी. त्याहून जास्त चकाकी आणली म्हणून जादा गुण नाहीत. दुसऱ्या पद्धतीत जाणकार पंच गाडीभोवती फिरतात, मालकाशी बोलतात, आपसात चर्चा करून क्रम लावतात. दोन्ही चालतात. पहिलीत नवखा पंचही फार चुकत नाही, पण एखादी देखणी गाडी चार स्क्रूपायी मागे पडते. दुसरीत गाडीचा आब ओळखला जातो, पण पंच खरोखर मुरलेले हवेत.

भारतात कार्तिए या दागिने-घड्याळांच्या कंपनीने २००८ साली मुंबईत अशी स्पर्धा घेतली. त्याच्या कितीतरी आधी, १९६४ पासून, स्टेट्समन वृत्तपत्राची रॅली दिल्लीत निघू लागली होती. आपल्या गावच्या छोट्या प्रदर्शनाकडून तेवढ्या इतमामाची अपेक्षा करू नका. चार गोष्टी मात्र विचाराच, आणि त्या विचारणं उद्धटपणाचं नाही. गुणपत्रिका आधी बघायला मिळेल का? पंच कोण आहेत, आणि त्यांची स्वतःची, घरच्यांची किंवा त्यांच्या गॅरेजमध्ये तयार झालेली गाडी त्याच गटात आहे का? असेल तर ते त्या गटापुरते बाजूला होतात का? निकालानंतर आपले गुण दाखवतात का?

मी एका प्रदर्शनात पंचाने स्वतः रंगवून दिलेल्या गाडीला पहिला क्रमांक मिळालेला पाहिला आहे. नाव घेत नाही. गाडी छान होती, कदाचित खरंच पहिली आली असती. पण मैदानावर सगळ्यांना ते माहीत होतं, त्यामुळे टाळ्या पडल्याच नाहीत आणि बिचाऱ्या मालकाची दोन वर्षांची मेहनत उगाच संशयात गेली. पंचाने त्या गटापुरती पेन्सिल खाली ठेवली असती तर तोच चषक त्या माणसाने अभिमानाने दिवाणखान्यात ठेवला असता. पक्षपातात हरणाऱ्याचं नुकसान होतंच, जिंकणाऱ्याचंही होतं.

३. गाडीची वही करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

एक जाड वही घ्या. पहिल्या पानावर आरसी बुकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर उतरवा. मग गाडीवर कोरलेले नंबर स्वतः डोळ्यांनी वाचा. गंज, ग्रीस असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर चुकूनही मारू नका. कोरीव आकडे घासले गेले की उद्या आरटीओत तुम्हीच अडचणीत याल. नंबर जुळतात का ते लिहा. इंजिन बदललेलं असेल तर तसं लिहा, त्याची आरसीवर नोंद झाली आहे का तेही लिहा.

मग गाडीचा पुढून मागे एकेक भाग घ्या आणि चारपैकी एका रकान्यात टाका: याच गाडीचा मूळ; त्याच काळातला पण दुसऱ्या गाडीवरून आणलेला; नवा बनवून घेतलेला; मुद्दाम बदललेला. पद्मिनीचं उदाहरण घेऊ. 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं, त्याआधी हीच गाडी फियाट ११००-डी म्हणून विकली जायची. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी आणि तिच्या जाळीवर फियाटचा बिल्ला, असं दृश्य दर प्रदर्शनात दिसतं. बिल्ला दिसतो सुंदर. चोर बाजारातून आणला असेल तर अस्सलही असेल. पण त्या गाडीवर तो कधी नव्हता. मालकाला हौस आहे, लावू दे की. फक्त वहीत आणि पाटीवर चौथ्या रकान्यात लिहू दे, "फियाटचा बिल्ला हौसेने लावला आहे." एवढ्या एका ओळीने पंच, प्रेक्षक आणि शेजारी तिघांशीही तो सरळ वागला.

तसंच बाकीचं. डायनॅमो काढून आल्टरनेटर बसवलाय का? टायर रेडियल आहेत का? हँडलवरचा गिअर काढून खाली आणलाय का? घड्याळं चालतात का, की नुसती काच बसवली आहे? दाराच्या आतलं पॅनेल मूळचं आहे, की रेक्झिन नवीन आणि शिवण जुन्या पद्धतीची? सुरक्षेसाठी केलेले बदल, म्हणजे नंतर बसवलेले सीट बेल्ट किंवा अग्निशामक सिलिंडर, यांचे गुण समजूतदार पंच कापत नाहीत. पण नोंद तिथेही हवी.

नवा बनवून घेतलेला भाग म्हणजे कमीपणा नव्हे. फिवाची ट्युरिन सनद सांगते की गाडी जपणं पहिलं, आणि बदललेल्या भागांवर पटकन नजरेत न येणारी पण कायम टिकणारी खूण असावी. पुढच्या मालकाला, पुढच्या अभ्यासकाला कळायला हवं. आपल्याकडे हे सहज जमतं. सातपूर-अंबडला लेथवर बुश, पिन, खिडकीच्या काचेचं हँडल बनवून देणारे कारागीर आहेत. त्यांना सांगा, आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला साल ठोकून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

मूळचं कसं होतं हे कळायचं कसं? जुनी मालक-पुस्तिका, कंपनीचं सुट्या भागांचं पुस्तक, लग्नाच्या अल्बममधले गाडीचे फोटो, हे तर बघाच. पण नाशिकमध्ये आणखी एक मोठा साठा आहे आणि तो दरवर्षी आटत चालला आहे. त्र्यंबक रोडच्या चौकाला मायको सर्कल हे नाव ज्या कंपनीवरून पडलं (आताची बॉश), तिथे डिझेलचे नोझल बनवणारे, आणि महिंद्राच्या लाइनवर उभं राहून जीप-बोलेरो जोडणारे कितीतरी लोक निवृत्त होऊन याच शहरात राहतात. कुठला बोल्ट काळा होता आणि कुठला पिवळट प्लेटिंगचा, हे त्यांच्या हातांना आठवतं. अशा एखाद्या काकांना गाडीपाशी घेऊन या, चहा द्या आणि वही उघडून बसा. त्यांचं नाव वहीत लिहा, आणि त्यांना चालणार असेल तर पाटीवरही.

नावांचं निघालंय म्हणून सांगतो. पाटीवर मालकाचं नाव मोठ्ठं असतं. डेंटर, पेंटर, वायरमन, कुशनवाले कुठेच नसतात. ज्या माणसाने महिनाभर पत्रा ठोकून मडगार्डची गोलाई परत आणली त्याचं नाव नसेल तर तुमचा अभिमान निम्मा उसना आहे. स्वतः काम केलं असेल तर तेही लिहा, म्हणजे पैसे देऊन करून घेतलेलं आणि आपल्या हातचं यातला फरक बघणाऱ्याला कळेल. काही ठिकाणी मालकाने स्वतः केलेल्या कामाला वेगळं बक्षीस असतं. नसेल तर आयोजकांना सुचवा.

४. हात कुठे लावायचा आणि कुठे नाही

प्रदर्शनासाठी म्हणून गाडीला नवा रंग देऊ नका. हा माझा ठाम सल्ला आहे. रंग खरंच गेला असेल, पत्रा सडला असेल तर ते काम त्याच्या वेळेने करा, तारीख डोक्यावर घेऊन नको. घाईत रंगवलेल्या गाडीत पत्रा ठोकायचा वेळ वाचवण्यासाठी लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, थर चढतात. पंच लहानसं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला लावतो. लांबी जाड असली की चुंबक धरत नाही, आणि तुमच्या पाटीवरचं 'मूळ पत्रा' तिथेच गळून पडतं.

पेंटरशी बोलताना स्पष्ट बोला. तो त्याच्या जागी बरोबरच असतो. "साहेब, सगळा रंग काढून टाकू, शोरूमसारखी करून देतो," असं तो प्रेमाने म्हणतो. तुम्ही म्हणा, "काका, बाहेरून जिथे उडालाय तिथेच घ्या. दाराच्या आतला, डिकीच्या झाकणाखालचा अजिबात नका काढू. मूळ शेड तेवढीच उरली आहे." मूळ रंगाची छटा पुढे जुळवायची झाली तर तो आतला हातभर तुकडाच साक्षीदार असतो. जुना ड्युको रंग आणि आजचा दोन घटकांचा रंग यांची चमकही वेगळी असते. नवा काचेसारखा लखलखतो, ड्युकोची चमक मऊ. कुठला दिलाय ते वहीत लिहा.

जुन्या रंगावर मशीन पॉलिश मारताना कडांवर, बॉनेटच्या उंचवट्यांवर जपून. तिथे थर पातळ असतो, एका फेरीत प्राइमर दिसायला लागतो. हाताने, मऊ कापडाने, थोडं-थोडं.

पावसाळ्यात फूटमॅटखाली ओल धरलेली असते. मॅट, खालचा वाख, सगळं काढून फरशीचा पत्रा उन्हात वाळू द्या. दारांच्या तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजलेली असतात, ती तारेने मोकळी करा. यासाठी कुणी गुण देणार नाही, पण गाडी जगेल.

दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळं चालतं का ते बघा. बऱ्याच ठिकाणी पंच एकेक लावून दाखवायला सांगतात.

५. कागद आणि रस्ता

विमा, पीयूसी, आरसीची मुदत तपासा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. मुदत संपलेली गाडी चालवत मैदानावर नेऊ नका, ट्रेलरवर न्या.

पन्नास वर्षांपुढची गाडी विंटेज म्हणून नव्याने नोंदवायची असेल तर शुल्क २० हजार रुपये आहे, प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत ही अट आहे. अशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. ऑफिसला जायला वापरणार असाल तर या वाटेला जाऊ नका.

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. हाताने रंगवलेली जुनी पाटी तुम्हाला जिवापाड प्रिय असेल तर मैदानावर ती गाडीशेजारी ठेवा, बंपरवर सरकारीच असू द्या.

बदल केलेल्या गाडीवाल्यांनी नीट ऐकावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं आहे. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत जाऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. तुमची कारागिरी उत्तम असेल आणि ती बघायला मला आवडेल. पण फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून कॉलेज रोडने मिरवत जाण्यात कारागिरी नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी आयोजकांना मैदान मिळायची पंचाईत होते आणि त्याची झळ बाकी सगळ्यांना बसते.

६. प्रदर्शनाचा दिवस

थंडीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. कार्बोरेटरची गाडी पहाटे चोक ओढूनही कुरकुरते. आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करा आणि तासभर आधी निघा. टाकी काठोकाठ भरू नका, पेट्रोलचा वास आणि गळती दोन्ही टळतात. लहान अग्निशामक, चार-पाच मऊ फडकी आणि ऑइल गळत असेल तर खाली ठेवायला पत्र्याचा ट्रे बरोबर असू द्या. रस्त्यात धूळ बसणारच. कोरड्या फडक्याने रगडलीत तर रंगावर ओरखडे उमटतील, आधी पाणी शिंपडून ती सुटी करा.

पाटी साधी ठेवा. गाडीचं नाव, साल, किती वर्षं कुणाकडे होती, वहीतल्या चार रकान्यांचा गोषवारा, कारागिरांची नावं. 'भारतात एकमेव', 'महाराजांची गाडी', 'शंभर टक्के ओरिजिनल' असं काही लिहायचा मोह होईल. पुरावा वहीत असेल तरच लिहा. आजोबांनी सांगितलेली गोष्ट असेल तर "घरात असं सांगतात" म्हणून लिहा, ती तशीही छानच वाटते.

पंच आले की पाच-सात मिनिटंच मिळतात. गाडी काय आहे ते त्यांना दिसतंच, तुम्ही त्यांना न दिसणारं सांगा. मी एका अँबेसेडरवाल्या आजोबांना पाहिलं. पंच टॉर्च घेऊन दाराच्या बिजागरीपाशी गुडघे टेकून बसले होते आणि आजोबांनी आपणहून वाकून दाखवलं, "इथे बघा, हा पॅच मारलाय. पत्रा गेला होता. बाकीचं दार कंपनीचं आहे." पंचाने पॅचवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि मग बाकीच्या दाराबद्दल त्यांनी आजोबांच्या शब्दावर विश्वास ठेवला. एक दोष आपल्या तोंडाने सांगितला की उरलेल्या गाडीला वजन येतं.

शेजारच्या गाडीबद्दल वाईट बोलू नका, पंचांशी तर नाहीच. तिच्या पाटीवर खोटं आहे अशी तुमची खात्री असेल तर आधी त्या मालकाला बाजूला घेऊन सांगा. खूपदा त्यालाच माहीत नसतं, गाडी विकणाऱ्याने थाप मारलेली असते. तरीही तो हटून बसला आणि त्याने कुणाच्या बक्षिसावर परिणाम होणार असेल, तर निकालाआधी आयोजकांना लेखी द्या, खाली आपलं नाव घाला. निकाल लागल्यावर व्हॉट्सॲपवर फोटोंभोवती लाल वर्तुळं काढत बसणं, याला मी तक्रार म्हणत नाही.

मुलांना गाडीत बसू द्या. निदान एका सीटवर जाडसर चादर टाका आणि स्टीअरिंग धरू द्या. गर्दी फार असेल तर आपण दाराशी उभं राहा, पण हाकलू नका.

७. निकाल आणि त्यानंतर

प्रेक्षकांच्या पसंतीचं बक्षीस वेगळं असतं. ते मतांवर ठरतं आणि ज्याचं मित्रमंडळ मोठं त्याला मिळतं. त्यात गैर काही नाही, फक्त ते पंचांच्या बक्षिसाच्या तोलाचं धरू नका. आणि तीस भाचे-पुतणे बोलावून मतपेटी भरू नका. चिठ्ठीवर प्रवेश-तिकिटाचा नंबर घ्यावा असं आयोजकांना सुचवा, बराच गोंधळ थांबतो.

बक्षीस मिळो न मिळो, गुणपत्रिका मागा. "माझे कुठे कापले?" असं विचारा. "त्याचे का नाही कापले?" असं विचारू नका. जे सांगतील ते वहीत तारखेसह लिहा. पटलं नाही तर शांतपणे पुरावा दाखवा, पंचालाही शिकायला मिळतं. चूक पंचाची निघाली तरी त्या दिवशीचा निकाल बदलेलच असं नाही, पुढच्या वेळची गुणपत्रिका मात्र सुधारते. जिंकलेल्याच्या गाडीपाशी जा, बॉनेट उघडायला सांगा, त्याच्या डेंटरचं नाव विचारून घ्या.

पुढच्या प्रदर्शनाला गाडी लावण्याआधी एकदा पंचांच्या मदतनिसाचं काम करून बघा. प्रत्येक पंचाला कागद धरणारा, गुण उतरवणारा, बेरीज तपासणारा माणूस लागतो आणि आयोजकांना तो कधीच पुरेसा मिळत नाही. दिवसभरात वीस-पंचवीस गाड्यांची बॉनेटं तुमच्यासमोर उघडतात, कुठला मालक काय सांगतो आणि काय गाळतो ते ऐकायला मिळतं, गुण नेमके कुठे कापले जातात ते कळतं. त्या दिवशी स्वतःची गाडी स्पर्धेत ठेवू नका. घरीच असू द्या, किंवा स्पर्धेबाहेर नुसती बघण्यासाठी उभी करा आणि पाटीवर तसं लिहा.